‘एवढं करून शेवटी कम्युनिटी कॉलेज?’

नमस्कार ताई,

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मुलगा बारावीत आहे. त्याने संगणकशास्त्रासाठी अर्ज केले होते. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, ज्या कॅम्पसवर त्याचा जीव होता तिथून नकार आले, सॅन होजे स्टेटलाही जमलं नाही. हेवर्डच्या कॅल स्टेट ईस्ट बेमध्ये संगणकशास्त्राला प्रवेश मिळालाय. राज्याबाहेरचं एक खासगी विद्यापीठही घ्यायला तयार आहे, पण तिथला वर्षाचा खर्च साठ हजार डॉलरच्या वर जातो. मुलगा म्हणतो, ‘ओलोनी किंवा डी आन्झा या इथल्या कम्युनिटी कॉलेजांपैकी एकात दोन वर्षं करतो आणि मग यूसीला ट्रान्सफर घेतो.’ हे ऐकल्यापासून त्याचे बाबा गप्प आहेत. एकदाच बोलले, ‘एवढं करून शेवटी कम्युनिटी कॉलेज?’ त्यांनी स्वतः दहावीनंतर डिप्लोमा केला होता आणि डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला गेले होते, म्हणून मला त्यांचं जास्तच नवल वाटतं. मला खरं काय ते सांगा. तिथलं शिक्षण पुढे यूसीत पुरतं का? आणि पुढचं काही जमलं नाही, तर त्या दोन वर्षांच्या जोरावर नोकरी मिळते का?

– एक आई, फ्रीमाँट

प्रिय ताई,

आधी शिकवण्याचं सांगते, कारण तुमची सगळ्यात मोठी भीती तिथे आहे आणि ती बाळगायचं कारण नाही. डी आन्झा किंवा ओलोनीतलं कॅल्क्युलस हे कॅल्क्युलसच असतं. यूसीने आधी तपासून मान्य केलेला कोर्सच ट्रान्सफरला धरला जातो, त्यामुळे अभ्यासक्रम पातळ करून शिकवायला फारशी जागा उरत नाही. वर्ग साधारण तीस-चाळीस मुलांचा असतो. शिकवणारे प्राध्यापक शिकवण्यासाठीच नेमलेले असतात, संशोधनातून वेळ काढून आलेले नसतात. तुमच्या मुलाने हात वर केला तर त्यांना त्याचं नाव माहीत असेल. यूसीच्या मोठ्या कॅम्पसवर पहिल्या वर्षाची तीच व्याख्यानं शेकडो मुलांच्या सभागृहात होतात आणि शंका विचारायला पीएचडी करणारा एखादा विद्यार्थी भेटतो. याचा निकालही दिसतो. यूसीत ट्रान्सफर घेऊन आलेल्या दहा मुलांपैकी जवळपास नऊ जण चार वर्षांच्या आत पदवी घेऊन बाहेर पडतात. थेट बारावीनंतर आलेल्या मुलांच्या ते मागे नाहीत.

आता दुसरी बाजू. ती तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. अमेरिकाभर कम्युनिटी कॉलेजात पाय ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के मुलं म्हणतात की आम्हाला पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची आहे. प्रत्यक्षात विद्यापीठापर्यंत पोहोचतात साधारण एक तृतीयांश, आणि सहा वर्षांत पदवी हातात पडते ती सहाजणांतल्या एकाच्या. नोकरी करून शिकणारे, मुलंबाळं सांभाळून शिकणारे, एका वेळी एकच कोर्स झेपणारे असे खूपजण यात आहेत, त्यामुळे हा आकडा तुमच्या मुलाला जसाच्या तसा लावू नका. पण सगळा दोष परिस्थितीचा आहे असंही नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली मोजलं, तर एका संस्थेतून दुसरीत जाताना विद्यार्थ्याचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सचे जमा झालेले गुणांक) वाया गेल्याचं दिसलं. त्यात सगळ्या प्रकारच्या संस्था धरल्या आहेत. सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाताना एवढं नुकसान होत नाही, पण होतं नक्की. म्हणजे मूल शिकलं, पास झालं, आणि पुढच्या दारात सांगितलं गेलं की हा कोर्स आम्ही धरत नाही. शिकवणं कमी पडत नाही ताई, दोन संस्थांमधला सांधा निसटतो. मुलं गळतात ती तिथे.

कॅलिफोर्नियाची जमेची बाजू ही की इथे तो सांधा मुद्दाम बांधलेला आहे. १९६० साली राज्याने उच्चशिक्षणाचा एक आराखडा केला: वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना कॅल स्टेट (सॅन होजे, ईस्ट बे ही त्यातलीच), आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. तिथून पुढे वर जायची वाट पहिल्यापासून त्या आराखड्यातच होती. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. आणि कोणत्या कॉलेजातला कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं.

आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला शेजारी बसवा आणि ते उघडा. कॉलेज ओलोनी, विद्यापीठ यूसी डेव्हिस, विषय संगणकशास्त्र निवडा. डाव्या बाजूला डेव्हिसला हवा असलेला कोर्स येईल, उजव्या बाजूला त्याच्या जागी चालणारा ओलोनीचा कोर्स. कॅल्क्युलसची अख्खी मालिका, लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट गणित, प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स असं एकेक वाचत खाली जा. कुठे उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबा. याचा अर्थ त्या कॉलेजात त्याला पर्याय नाही. मग तेच डी आन्झा टाकून बघा. मग विद्यापीठ बदलून बघा. एका कॅम्पसला डेटा स्ट्रक्चर्स जावामधलं लागतं, दुसऱ्याला सी प्लस प्लसमधलं चालतं, असले फरक तिथेच कळतात. हे वाचायला तासभर लागेल आणि त्या तासाने वर्ष वाचू शकतं.

हे काम मुलानेच करायचं आहे. तुम्ही शेजारी बसा, पण माउस त्याच्या हातात द्या. या कॉलेजांतले काउन्सेलर चांगले असतात, पण एकेकाच्या मागे शेकडो मुलं असतात. जो मुलगा छापील यादी घेऊन जातो आणि विचारतो की ‘या दोन्ही कॅम्पसना चालेल असा कोणता कोर्स घेऊ’, त्याला अर्ध्या तासात काटेकोर उत्तर मिळतं. जो ‘मी काय घेऊ’ असं विचारतो त्याला सगळ्यांना दिला जातो तोच सल्ला मिळतो. संगणकशास्त्रात तो सर्वसाधारण सल्ला नडतो. सामान्य शिक्षणाच्या विषयांसाठी आता कॅल-जेटेक नावाचा एकच साचा आहे, २०२५च्या शरद सत्रापासून यूसी आणि कॅल स्टेट दोन्हींसाठी तोच. पण ज्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, तयारीचे कोर्स भरपूर लागतात, तिथे आधी मेजरचे कोर्स संपवायचे आणि इतिहास-मानसशास्त्र जमेल तसं मागून घ्यायचं. पुष्कळ मुलं नेमकं उलटं करतात, कारण ते विषय सोपे जातात आणि गुण बरे दिसतात. मग अर्ज करताना लक्षात येतं की गणिताची मालिका अर्धीच झाली आहे. आणि ती मालिका सुरू केली त्याच कॉलेजात पूर्ण करावी. अर्धी ओलोनीत आणि अर्धी डी आन्झात केली तर ओलोनीच्या सेमिस्टरचे आणि डी आन्झाच्या छोट्या क्वार्टरचे तुकडे जुळत नाहीत.

आता हमीबद्दल, कारण मुलाच्या डोक्यात बहुधा तीच आहे. यूसीच्या सहा कॅम्पसवर ट्रान्सफरची लेखी हमी मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. हमीचा अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो, सप्टेंबर महिन्यात. मूळ यूसीचा अर्ज त्यानंतर शरदातच जातो. प्रत्येक कॅम्पसची गुणांची अट वेगळी असते, आणि संगणकशास्त्र-अभियांत्रिकीसारखे गर्दीचे विषय काही ठिकाणी हमीतून वगळलेले असतात. त्यामुळे ‘हमी आहे’ एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका, त्या वर्षीची त्या विषयाची अट वाचा. कॅल स्टेटसाठी २०१०च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची असोसिएट पदवी आहे. ती घेतली की कॅल स्टेटमध्ये कुठेतरी जागा नक्की मिळते, पण ‘कुठेतरी’, सॅन होजेलाच असं नाही.

यातली एक गोष्ट मुलाच्या कानावर पुन्हा पुन्हा घाला. दुसऱ्या वर्षाच्या शरदात अर्ज जातो, तेव्हा पूर्ण झालेले गुण असतात ते फक्त पहिल्या वर्षाचे. बारावीचे गुण यूसी ट्रान्सफरला बघत नाही आणि एसएटीही मागत नाही. पाटी कोरी होते हे खरं, पण ती भरायला एकच वर्ष मिळतं. ‘पहिलं सत्र जरा रमतगमत’ ही चैन या वाटेवर नाही.

पूर्वी आणखी एक अडथळा असायचा. प्रवेशाच्या वेळी चाचणी व्हायची आणि त्यात कमी पडलेली मुलं क्रेडिट नसलेल्या गणित-इंग्रजीच्या वर्गांत वर्षवर्ष अडकून पडायची. २०१७च्या कायद्याने ते जवळपास बंद झालं. आता शाळेतल्या गुणांवरून मूल थेट ट्रान्सफरच्या पातळीच्या कोर्सला बसतं. तुमच्या मुलाला याचा फायदाच आहे. फक्त कच्चं काही राहिलं असेल तर ते भरून काढायला आधीचा वर्ग नाही, शिकवणी केंद्र आहे. तिथे स्वतःहून जावं लागतं.

मग यूसीत गेल्यावर काय होतं? पहिल्या सत्रात गुण घसरतात. हे इतकं नेहमीचं आहे की इथल्या शिक्षणतज्ज्ञांनी १९६०च्या दशकातच त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ असं नाव दिलं. मुलाच्या बाबांना विचारा, त्यांना लगेच कळेल. डिप्लोमावाल्या मुलांना सेकंड इयरला एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, कसं रडवलं होतं, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी बाकीच्यांबरोबर केलेलंच नसायचं! आणि तीच मुलं वर्कशॉपात, प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या पुढे असायची. इथेही तसंच आहे. ज्या मुलाला सोळा-सतरा आठवड्यांच्या सेमिस्टरची सवय आहे, तो क्वार्टर असलेल्या कॅम्पसला गेला की दहा आठवड्यांत कोर्स संपतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म दारात उभी असते, तेव्हा हा अजून ग्रंथालय शोधत असतो. यूसीत बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर चालतात, बाकीच्या कॅम्पसचे पदवीवर्ग क्वार्टरवर. डी आन्झाही क्वार्टरवर चालतं. मुलाची नजर डेव्हिस-अर्व्हाइनवर असेल तर रोजचा लांबचा प्रवास पत्करूनही डी आन्झाचा विचार करण्याजोगं हे एक खरं कारण आहे. नावाचा दबदबा हे मी कारण मानत नाही.

अभ्यासाच्या घसरणीतून मुलं एका-दोन सत्रांत सावरतात. मला जास्त काळजी वाटते ती इंटर्नशिपची. सॉफ्टवेअर कंपन्या पुढच्या उन्हाळ्याची भरती शरदातच सुरू करतात. ट्रान्सफर घेतलेला मुलगा सप्टेंबरात कॅम्पसवर उतरतो आणि काहीच दिवसांत करिअर फेअर लागतो. त्याच्या बरोबरीच्या मुलांकडे दोन वर्षांचे क्लब, प्रोजेक्ट, ओळखीचे प्राध्यापक असतात, आणि त्याच्याकडे चांगल्या गुणांचं एक पान. कम्युनिटी कॉलेज इथे खरोखर कमी पडतं, आणि हे मान्य केल्याशिवाय त्यावर उपाय करता येत नाही. उपाय असा की त्या दोन वर्षांतच हाताने केलेलं काहीतरी हवं: स्वतः लिहून चालवलेला एखादा प्रोग्राम, कॉलेजच्या गणित केंद्रात शिकवण्याचं काम, उन्हाळ्यात कुठल्या छोट्या कंपनीत केलेली उमेदवारी. माझ्या ओळखीच्या एका मुलीने कॉलेजच्या अन्नवाटप केंद्रासाठी धान्याच्या साठ्याची नोंद ठेवणारं साधं ॲप लिहिलं होतं. दिसायला सामान्य होतं, पण रोज वापरात होतं. तिच्या पहिल्या मुलाखतीत बहुतेक वेळ त्याच्यावरच बोलणं झालं. धान्य संपत आलं की सूचना कशी जायची, दोन स्वयंसेवकांनी एकाच वेळी आकडा बदलला तर काय व्हायचं, असं सगळं तिला विचारलं आणि तिला सगळं सांगता आलं, कारण ते सगळं तिच्यासमोर घडलेलं होतं.

तुमचा दुसरा प्रश्न नोकरीचा. इथे उत्तर विषयावर अवलंबून आहे आणि फरक फार मोठा आहे. ज्या कामाला परवाना लागतो, त्या कामासाठी कम्युनिटी कॉलेज उत्तम तयार करतं. दोन वर्षांची नर्सिंगची पदवी घेतलेली मुलगी आणि चार वर्षांची घेतलेली मुलगी नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी एकच परीक्षा देतात. ओलोनीच्या न्यूअर्क केंद्रात नर्सिंग आहे, श्वसनोपचाराचा अभ्यासक्रम आहे. फूटहिल कॉलेजात तर दंतआरोग्याची चक्क बॅचलर पदवी मिळते, कारण राज्याने २०१४ साली निवडक कम्युनिटी कॉलेजांना चार वर्षांची पदवी द्यायला परवानगी दिली आणि २०२१ साली ती कायमची केली. या वर्गांत शिरणंच अवघड असतं, आणि बाहेर पडणाऱ्याला आपण काय काम करणार हे ठाऊक असतं. पण नुसत्या सर्वसाधारण विषयांची दोन वर्षांची पदवी मालकाला फारसं काही सांगत नाही. संगणकशास्त्राच्या दोन वर्षांवर सॉफ्टवेअर इंजिनिअरची नोकरी मिळेल अशी आशा ठेवू नका. तेवढ्यावर हेल्प डेस्क किंवा नेटवर्क सांभाळण्याचं काम मिळू शकतं, तेही सोबत सिस्को किंवा कॉम्पटियाचं प्रमाणपत्र असेल तर. काम चांगलं आहे, सुरुवात म्हणून स्वच्छ आहे, पण मुलाच्या मनात जे आहे ते हे नाही. म्हणून त्याच्या बाबतीत कम्युनिटी कॉलेज म्हणजे ट्रान्सफरच. ‘नाही जमलं तर तेवढ्यावर भागेल’ असा हिशेब धरू नका.

आता माझं मत. साठ हजारांचं खासगी विद्यापीठ विसरा. कर्ज काढून घ्यावं असं त्यात काही नाही. खरी निवड ईस्ट बे आणि कम्युनिटी कॉलेज यांच्यात आहे, आणि तुमच्या पत्रात ईस्ट बेचा उल्लेख एका ओळीत उरकलाय याचं मला वाईट वाटलं. तिथे त्याला हव्या त्या विषयात जागा आहे, फी वर्षाला आठ हजारांच्या आसपास आहे, घरून जाता येतं आणि मध्ये ट्रान्सफरची जोखीमच नाही. संगणकशास्त्राला ट्रान्सफरचं दारही अरुंद झालंय. त्यामुळे मुलगा याद्या वाचणारा, तारखा पाळणारा, ज्याच्या मागे लागावं लागत नाही असा असेल तर कम्युनिटी कॉलेज, आणि डोळे उघडे ठेवून यूसी. जर त्याला अजून कोणीतरी उठवावं लागत असेल, शाळेचे अर्जसुद्धा तुम्हीच भरले असतील, तर ईस्ट बे. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

पैशांचं थोडक्यात: ओलोनीत राज्यातल्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर फी आहे, म्हणजे वर्षाच्या तीस युनिटांचे १,३८० डॉलर. पहिल्यांदा आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला बहुतेक कॉलेजं पहिली दोन वर्षं तीही माफ करतात. यूसीची नुसती फीच वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास आहे, राहणं-खाणं वेगळं. तुम्ही दोन वर्षं जे वाचवाल त्यातून पुढची दोन वर्षं कर्जाशिवाय निघू शकतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असते म्हणून विचारते. मुलगा अजून एच-४ वर, म्हणजे पालकांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे का? असेल तर त्याला पगारी इंटर्नशिप करता येणार नाही, आणि एकविसाव्या वाढदिवसाला ते स्टेटस संपेल. तो दिवस नेमका ट्रान्सफरनंतरच्या वर्षात येतो. तसं असेल तर कॉलेज ठरवण्याआधी वकिलाशी बोला. फी, नोकरी, सगळं त्यावर फिरतं.

राहिले त्याचे बाबा. मला नाही वाटत ते कमीपणाने गप्प आहेत. डिप्लोमाच्या वाटेने गेलेल्या माणसाला वर्गात ‘डिप्लोमावाला’ म्हणून कसं बघितलं जायचं हे लक्षात असतं, आणि आपल्या मुलाला ते सोसावं लागू नये म्हणूनच ते इथवर आले असतील. त्यांना पटवायला जाऊ नका, कामाला लावा. एम-थ्रीचा अभ्यास त्यांनी कसा केला, सिनियरना काय विचारलं, कोणत्या चुका महागात पडल्या, हे त्यांनी मुलाला सांगावं. तुमच्या घरात ही वाट चालून आलेला एकच माणूस आहे आणि तो ते आहेत. नातेवाईक विचारतील तेव्हा ‘डी आन्झाला जातोय, नंतर यूसीचं बघू’ एवढं पुरे. त्याहून जास्त खुलासा कोणालाही देणं लागत नाही.

ईस्ट बेची जागा १ मेपर्यंत धरून ठेवता येते, तोवर ती सोडू नका. दरम्यान मुलाने ओलोनी आणि डी आन्झा दोन्हीकडे अर्ज भरावा, तो फुकट असतो. ओरिएंटेशन आणि शैक्षणिक आराखडा लवकर पूर्ण करावा, कारण ज्यांचं हे झालेलं असतं त्यांना वर्गनोंदणीत आधी नंबर लागतो, आणि कॅल्क्युलसचे चांगल्या वेळेचे वर्ग पहिल्याच दिवशी भरतात. असिस्टवरच्या याद्या वाचून झाल्यावर त्याने तीन कॅम्पस निवडून पाठवावेत. कोणते कोर्स कोणत्या क्रमाने घ्यायचे ते मी त्याच्याशी फोनवर बोलून लावून देईन.

तुमची,
ताई